डायरीतली चिठ्ठी: कॅथलिक शाळेतल्या वर्षभराच्या कार्यक्रमांसाठी पालकांची तयारी

मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या सदर भागातल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर एक आई मुलाची डायरी उघडून उभी होती. मुलगा पहिलीतला. दप्तर ऑटोत टाकून तो पुढच्या सीटवर बसायची घाई करत होता. डायरीच्या पानाला एक पिवळी चिठ्ठी टाचलेली होती: शाळेच्या संरक्षक संताचा सण, सकाळी साडेसातला मिस्सा, मुलांनी पांढरा गणवेश घालावा, पालकांनीही यावं. त्या बाईंनी मला विचारलं, ‘‘मिस्सा म्हणजे पूजाच ना जी? आम्ही गेलो तर चालते काय? अन् नाही गेलो तर पोराचे मार्क तर नाही ना कापणार?’’

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. दर वर्षी जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात हेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून कानावर येतात. नागपूरच्या कॅथलिक शाळांमध्ये शिकणारी बहुसंख्य मुलं हिंदू, बौद्ध, मुस्लिम, शीख, जैन घरांतली आहेत. घरात कुणी चर्चची पायरी चढलेली नसते आणि शाळेची चिठ्ठी मात्र आपल्याला सगळं ठाऊक आहे असं धरून लिहिलेली असते. मग काही पालक भीतीपोटी सगळ्याला हो म्हणतात, काही संशयापोटी सगळ्यापासून लांब राहतात. दोन्हीकडे नुकसान मुलाचंच होतं. म्हणून या लेखात शाळेच्या सामूहिक जीवनात कसं सामील व्हायचं, कुठे नाही म्हणायचं आणि ते कोणत्या शब्दांत म्हणायचं, हे क्रमाने पाहू.

१. आधी खात्री करा: शाळा खरोखर कॅथलिक आहे का?

विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही बालवाडीला लागतो. ‘पोरगं कॉन्व्हेंटात टाकलं’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनींचा मठ. गल्लोगल्लीच्या अनेक ‘कॉन्व्हेंट’चा चर्चशी काडीचा संबंध नसतो. नावात ‘सेंट’ असल्यानेही काही सिद्ध होत नाही. आणि ख्रिस्ती शाळा म्हणजे कॅथलिक शाळाच, असंही नाही. बिशप कॉटन शाळेला ज्यांचं नाव आहे ते जॉर्ज कॉटन कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप होते. ती परंपरा वेगळी.

शहरातल्या कॅथलिक शाळांचं मूळ सदर-मोहननगर भागात आहे. सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाचं कॅथेड्रल, त्याच नावाची एसएफएस शाळा आणि सेंट जोसेफ कॉन्व्हेंट ही नावं प्रत्येक नागपूरकराला माहीत आहेत. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सेमिनरी हिल्स हे नावही तिथल्या धर्मगुरू घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून आलं.

प्रवेशाच्या वेळी कार्यालयात हे चार प्रश्न विचारा:

- शाळा कोण चालवतं: महाधर्मप्रांत, फादरांची संस्था, सिस्टरांची संस्था की एखादा खासगी न्यास?
- शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का?
- शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित? राज्य मंडळाची आहे की केंद्रीय मंडळाची?
- संरक्षक संत कोण आणि त्यांचा सण कधी?

दुसऱ्या प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी प्रमती न्यासाच्या खटल्यात, शिक्षणहक्क कायदा (आरटीई) अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. त्यामुळे आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन यादीत या शाळा सापडत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून हा मुद्दा मोठ्या पीठाकडे न्यावा असं म्हटलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत अशा शाळेत आरटीईतून प्रवेश मिळेल असं गृहीत धरून दुसरीकडचे अर्ज सोडू नका. परिस्थिती बेताची असेल तर फी-सवलतीसाठी थेट मुख्याध्यापकांना भेटा. तशी मदत मिळू शकते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

२. प्रत्येक चिठ्ठी तीनपैकी एका कप्प्यात टाका

डायरीत आलेली कोणतीही सूचना एकतर आदेश असते, नाहीतर विनंती, नाहीतर आमंत्रण. अडचण अशी, की तिन्हींची भाषा सारखीच असते: ‘पालकांनी कृपया नोंद घ्यावी.’ फरक तुम्हालाच ओळखावा लागतो.

- आदेश: शाळेची वेळ, गणवेश, हजेरी, परीक्षा, सुटीचा अर्ज, मुलाला फाटकातून कोण नेणार याची नोंद. इथे वाद घालू नका. अडचण असेल तर आधी लेखी सांगा.
- विनंती: धान्य, जुने स्वेटर, वह्या आणणं, रॅफलची तिकिटं विकणं, स्टॉलवर मदत करणं, सहलीची वर्गणी. जमेल तेवढं करा. न केल्याची शिक्षा मुलाला होता कामा नये.
- आमंत्रण: मिस्सा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नाताळच्या गव्हाणीसमोरची प्रार्थना, फादर किंवा सिस्टरांच्या व्रतग्रहणाचा सोहळा. यायचं की नाही, हा पूर्णपणे तुमचा निर्णय.

कप्पा ठरत नसेल तर वर्गशिक्षिकेला एका ओळीत विचारा: ‘हा कार्यक्रम सर्व मुलांसाठी आवश्यक आहे की ऐच्छिक?’ या एका प्रश्नाने पुढचे निम्मे गैरसमज टळतात. त्या आईंच्या चिठ्ठीत खरं तर दोन गोष्टी होत्या. त्या दिवशीची हजेरी आणि पांढरा गणवेश हा आदेश, आणि मिस्सा हे आमंत्रण.

३. वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

बऱ्याच शाळांच्या डायरीत छापील वेळापत्रक असतं, पण त्यातल्या नुसत्या नावांवरून तयारी काय करायची ते कळत नाही. नागपुरात वर्ष साधारण असं जातं:

- जूनची अखेर: उन्हामुळे विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, साधारण जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या तारखांवर विसंबू नका.
- १५ ऑगस्ट: स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच दिवशी येतात. काही ठिकाणी झेंडावंदन आणि मिस्सा लागोपाठ असतात. झेंडावंदनाला पाठवा, मिस्सासाठी थांबायचं की नाही ते आदल्या दिवशीच ठरवा आणि ऑटोवाल्या काकांना वेळ सांगून ठेवा.
- तान्हा पोळा: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन निघणारी मुलं हा नागपूरचा मान आहे. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केल्याचं सांगितलं जातं. शाळेत त्यानिमित्त कार्यक्रम नसेल तर वर्गशिक्षिकेला सुचवा. घरचा लाकडी बैल वर्गात मिरवताना पहिलीतलं मूल अख्ख्या वर्गाचं पाहुणं होतं.
- ५ व ८ सप्टेंबर: शिक्षकदिन मदर तेरेसा यांच्या सणादिवशीच येतो. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. मुलांना फुलं आणायला सांगतात. घरच्या कुंडीतलं एक फूल पुरे, विकत हार आणायची गरज नाही.
- दसरा: धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात. त्या आठवड्यात बसचे मार्ग बदलतात. शाळेच्या वाहतुकीची आधी चौकशी करा.
- नोव्हेंबर-डिसेंबर: नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला सुरू होतो. वर्गात चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं दिसेल. दर आठवड्याला एक मेणबत्ती लावतात. गॅदरिंग, क्रीडादिन आणि नाताळची तयारी या सहा आठवड्यांत एकत्र येते.
- २४ जानेवारी: संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. १६२२ मध्ये निधन पावलेले हे बिशप पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून सरकवत. म्हणून ते पत्रकार-लेखकांचे संरक्षक संत मानले जातात. मुलांसाठी निबंध-वक्तृत्वाला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.
- फेब्रुवारी-मार्च: २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि गुड फ्रायडे २६ मार्चला आहे. मधल्या उपवासकाळात मुलांना एखादी आवडती गोष्ट सोडून तो पैसा गरजूंसाठी डब्यात टाकायला सांगतात. ही विनंती आहे. १९ मार्चला संत जोसेफ यांचा सण येतो.

४. प्रार्थना, मिस्सा आणि तुमचं मूल

सर्वाधिक गोंधळ इथे आहे. म्हणून आधी हक्क पाहू.

राज्यघटनेच्या कलम ३० मुळे ख्रिस्ती समाजाला शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. त्याच घटनेचं कलम २८(३) सांगतं की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीविना, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीविना, धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. म्हणजे शाळेला तिचा धर्म जपण्याचा हक्क आहे आणि तुम्हाला तुमचा. दोन्ही हक्क एकाच आवारात नांदू शकतात.

चर्चची स्वतःची भूमिकाही हीच आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात घटनेची उद्देशिका म्हणा, आवारात सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी जागा ठेवा, असं त्यांत म्हटलं आहे. त्यामुळे तुम्ही नम्रपणे विचारता तेव्हा शाळेने स्वतःच मान्य केलेलीच गोष्ट मागत असता.

आता निर्णय कसा घ्यायचा? तीन गोष्टी वेगळ्या करा:

- सकाळचा परिपाठ: राष्ट्रगीत, उद्देशिका, एखादी छोटी प्रार्थना, सुविचार. बहुतेक पालकांना यात अडचण वाटत नाही. वाटली तर मुलाने शांत उभं राहावं एवढी सवलत मागा. त्याला रांगेबाहेर काढायला सांगू नका. एकटं पडण्याचा सल त्याला जास्त लागतो.
- धर्मशिक्षण की मूल्यशिक्षण: कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो आणि इतरांसाठी त्याच वेळी मूल्यशिक्षणाचा, ज्याला मुलं ‘मॉरल सायन्स’ म्हणतात. तुमचं मूल कोणत्या वर्गात बसतं ते विचारून घ्या.
- मिस्सा: ही उपासना आहे. पाठवायचं नसेल तर लेखी कळवा.

पत्र छोटं आणि स्वच्छ असावं. नमुना असा:

*मा. मुख्याध्यापिका,*
*माझा मुलगा इयत्ता पहिली, ‘ब’ तुकडीत शिकतो. शाळेच्या परिपाठात आणि सण-समारंभांत तो आनंदाने भाग घेईल. मात्र धर्मशिक्षणाचा तास आणि मिस्सा या वेळी त्याला मूल्यशिक्षणाच्या वर्गात किंवा वाचनालयात बसवावं, ही विनंती. यासंबंधी भेटून बोलायला आम्ही तयार आहोत.*
*सही, दिनांक*

पत्राच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घ्या. ‘हक्क’, ‘कलम’ हे शब्द पहिल्याच पत्रात आणायची गरज नाही. शाळेने नकार दिला, तर दुसऱ्या पत्रात ते आणा.

मिस्साला जायचं ठरलं तर एवढं लक्षात ठेवा:

- मागच्या बाकांवर बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही.
- चपला काढायच्या की नाही ते दारातल्या इतरांकडे पाहून ठरवा. फोन बंद ठेवा.
- शेवटी लोक रांगेने वेदीकडे जातात आणि फादर त्यांना पातळ पांढरी भाकर देतात. हिंदी मिस्सात तिला ‘परमप्रसाद’ म्हणतात आणि इथेच आपला घोटाळा होतो. देवळातल्या प्रसादासारखी ती सर्वांना वाटायची गोष्ट नाही. तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांचा संस्कार आहे. आपण जागेवर बसून राहावं. कुणालाही त्यात अपमान वाटत नाही. मुलालाही हे आदल्या रात्री समजावून सांगा, कारण मित्रांपाठोपाठ ते सहज रांगेत लागतं.
- राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतात. ती कुणीही घेऊ शकतं आणि कुणालाही टाळता येते.

राखी, मेंदी, टिकली: सर्वांना सारखा लागू असलेला गणवेशाचा नियम शाळा करू शकते. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी हातातली राखी सर्वांसमोर कापणं किंवा मेंदीसाठी मुलीला वर्गाबाहेर उभं करणं चुकीचं आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यांना कळवलं होतं, की सणासुदीला राखी, टिळा, मेंदी यांसाठी मुलांना शिक्षा होऊ नये. वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा: ‘सणानंतर किती दिवस चालेल?’ उत्तर डायरीत लिहून घ्या.

५. नाताळचा कार्यक्रम आणि गॅदरिंग

येशूजन्माच्या नाटिकेत कोण काय होणार, यावरून घराघरांत चर्चा होते. ही नाटिका म्हणजे उपासना नाही. तरी तुम्हाला ती रुचत नसेल तर मुलाला गाण्याच्या गटात, मंचामागच्या कामात किंवा दुसऱ्या नाचात घ्यायची विनंती करा. मात्र हे नोव्हेंबरमध्ये, भूमिका वाटण्यापूर्वी सांगा. सराव झाल्यावर मूल काढून घेतलं तर अख्ख्या गटाचं बिघडतं आणि रडतं ते आपलंच मूल.

- पोशाख: भाड्याचा पोशाख घेण्याआधी घरात शोधा. मी पाहिलेल्या सर्वांत देखण्या मेंढपाळाच्या खांद्यावर त्याच्या आजोबांचं काळं घोंगडं होतं, डोक्याला गमछा आणि हातात बांबूची काठी. वर्गातल्या भाड्याच्या सॅटिनच्या झग्यांत तोच एक खरा वाटत होता.
- थंडी: डिसेंबरात नागपूरचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. कार्यक्रम उघड्या मैदानावर, संध्याकाळी असतो. पोशाखाच्या आत घालायला उबदार बनियन द्या आणि स्वेटरवर नाव लिहा.
- रस्ते: विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारणपणे डिसेंबरातच असतं. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये, सदरला लागूनच. मोर्चे आणि बंदोबस्तामुळे रस्ते बंद होतात. नेहमीपेक्षा तासभर आधी निघा आणि मुलाला न्यायला येणाऱ्यांना पर्यायी रस्ता सांगून ठेवा.
- मुलाला परत घेणं: गर्दीत मूल कुणाच्या हाती द्यायचं, याची शाळेची पद्धत विचारा. ओळखपत्र किंवा चिठ्ठी नसेल तर मूल देऊ नये, असा आग्रह तुम्हीच धरा.
- फोटो: दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय पसरवू नका. शाळा फोटो कुठे टाकणार, हेही विचारा. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे.

६. पैसे कुठे द्यायचे, कुठे विचारायचं

माझ्या मुलीच्या शाळेने एका वर्षी प्रत्येक मुलामागे रॅफलची पंचवीस तिकिटं दिली. शेजारी-नातेवाईक करून सोळा खपली, उरलेली नऊ मीच विकत घेतली. विचारायचा धीर झाला नाही. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा वर्गशिक्षिका सहज म्हणाल्या, ‘‘अहो, उरलेली परत करायची असतात.’’ वर्षभर मनात धरलेली कुरबुर त्या एका वाक्याने संपली. तुम्ही पहिल्याच वर्षी विचारा.

- प्रवेशासाठी देणगी: कॅपिटेशन फी घेण्याला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. फीव्यतिरिक्त पैसे मागितले तर कशासाठी ते लेखी मागा. पावती मिळत नसेल तर देऊ नका.
- फी: २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. अचानक वाढ दिसली तर पहिला प्रश्न हा: ‘समितीची बैठक कधी झाली?’
- दानाची डबी: आगमनकाळात आणि उपवासकाळात मुलं डबी आणतात. रक्कम कुणाला जाते ते विचारा आणि मुलालाही सांगा. आईने गुपचूप भरलेल्या शंभराच्या नोटेपेक्षा त्याने स्वतःच्या खाऊतून टाकलेले दहा रुपये त्याला जास्त शिकवतात.
- विक्री: वह्या-पुस्तकं, बूट, दप्तर ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती झाली, तर ती लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागणी होताच सक्ती सैल होते.

७. पालक-शिक्षक संघात नाव द्या

तक्रार करणारे पालक पुष्कळ, संघात नाव देणारे थोडे. खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ स्थापन व्हायला हवा. कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून ठरते. त्यासाठी मोठी ओळख किंवा उत्तम इंग्रजी लागत नाही. जुलैच्या पहिल्या सभेला जा आणि इच्छुकांच्या यादीत नाव लिहा.

सभेत मराठीत बोला. राज्यात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय २०२० च्या कायद्याने सक्तीचा झाला आहे. बोलताना इंग्रजीत अडखळून गप्प बसलात तर तुमच्या मुलाचा मुद्दाच राहून जातो. सिस्टर केरळच्या असोत की गोव्याच्या, नागपुरात काही वर्षं काढली की मराठी-हिंदी त्यांना चांगलं कळतं.

समितीत तीन गोष्टी विचाराच:

- शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती आहे का? १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार ती हवी. तक्रारपेटी कुठे आहे आणि ती कोण उघडतं?
- शालेय वाहतूक समितीची बैठक झाली का? २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार तीही आवश्यक आहे.
- वर्षभराच्या कार्यक्रमांच्या यादीत ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन रकाने छापता येतील का? ही एक सुधारणा झाली तर पुढच्या कित्येक पालकांचे प्रश्न मिटतील.

८. ख्रिस्ती पालकांसाठी थोडं वेगळं

आपल्या शहरात कॅथलिक कुटुंबं थोडी, आणि तीही वेगवेगळ्या भाषांची: मराठी, तमिळ, मल्याळी, गोवन, छत्तीसगडकडची. शाळेत मूल घातलं म्हणजे धर्मशिक्षणाची जबाबदारी संपली, असं समजू नका.

- प्रवेशावेळी बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्मग्रामाच्या फादरांचं पत्र जवळ ठेवा. दाखला दुसऱ्या गावच्या चर्चमधून मागवायला वेळ लागतो. तो आधीच मागवा.
- पहिल्या कम्युनियनची तयारी साधारण तिसरी-चौथीत होते. ती शाळेत होणार की रविवारी धर्मग्रामात, हे वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडे विचारा. ‘शाळेत होईल’ आणि ‘चर्चमध्ये होईल’ या दोन समजुतींत एखादं मूल राहून जातं.
- तुमच्या मुलाला सांगा, की मिस्साला न येणारा मित्र परका नाही. शाळेतला सलोखा टिकवायला तुमच्या घरातल्या या एका वाक्याची फार मदत होते.

९. बिनसलं तर पायरी-पायरीने

1. वर्गशिक्षिकेशी बोला. मुलाच्या समोर नको, फाटकावरही नको; वेळ घेऊन.
2. पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर मुख्याध्यापकांना तारखेसह लेखी द्या.
3. नंतर पालक-शिक्षक संघ, आणि त्यानंतर शाळा चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख.
4. त्यापुढे जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (प्राथमिक), नागपूर; मग विभागीय शिक्षण उपसंचालक. केंद्रीय मंडळाची शाळा असेल तर मंडळाकडेही.

एका बाबतीत मात्र पायऱ्या चढत बसू नका. मुलाला मारहाण, लैंगिक त्रास किंवा सतत अपमान होत असेल तर अल्पसंख्याक शाळा म्हणून कुणालाही सूट मिळत नाही. बाल न्याय कायदा आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा सगळीकडे लागू आहेत. १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा ११२ वर त्याच दिवशी फोन करा.

१०. या आठवड्यात करायची कामं

- शाळेची डायरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. संरक्षक संताचा सण कॅलेंडरवर लिहा.
- मिस्सा आणि धर्मशिक्षण याबद्दल घरात दोघांनी मिळून एकच निर्णय घ्या आणि आजी-आजोबांनाही सांगा. घरातल्या वेगवेगळ्या उत्तरांचा ताण मुलावर येतो.
- निर्णय लेखी द्यायचा असेल तर वरचा नमुना वापरा.
- पालक-शिक्षक संघाच्या सभेची तारीख विचारा.

फाटकावरच्या त्या आईंनी त्या दिवशी डायरीतच चार ओळी लिहिल्या: मुलगा पांढऱ्या गणवेशात येईल, मिस्साच्या वेळी वाचनालयात बसेल, नंतरच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंही येऊ. दुसऱ्या दिवशी खाली सिस्टरांची सही आणि एक ओळ आली: ‘जरूर या, मुलगा गाण्यात आहे.’ कार्यक्रमात त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मुलगा गाण्याचे शब्द दोनदा विसरला, आणि दोन्ही वेळा त्याने मंचावरून आधी आईकडेच पाहिलं.